पंच्याऐंशीच्या अलीकडे

काकांनी दोन्ही हातांनी उशी दाबून संगणकाच्या पाठीमागच्या जाळीवर बसवली. ती घसरू नये म्हणून तिच्यामागे खुर्ची सरकवली, खिडकी लावून घेतली आणि पुढे येऊन पलंगाच्या कडेवर बसले. संगणकाच्या पडद्यावर, वरच्या कोपऱ्यात हिरवा आकडा होता, चौऱ्याहत्तर.

चहाचा कप बाजूच्या टेबलावर झाकून ठेवला होता. आधी फोन, मग चहा, असा त्यांचा क्रम ठरलेला होता. चहा पीत बोललं की आवाज निवांत वाटतो, आणि तोंडात घोट असला की चटकन काही सुचलं नाही तरी खपून जातं.

शहात्तर. एकोणऐंशी. संगणकातल्या पंख्यांनी आवाज चढवला. ब्याऐंशीला आकडा पिवळा झाला. उभ्या जन्मात काकांनी एकही गाडी तापवली नव्हती. आणि आता या वयात, मुलाची वस्तू, तीही त्याच्याच उशीने. पण हात काही उशीकडे गेला नाही.

पंच्याऐंशी. आकडा तांबडा झाला आणि फोन वाजला.

"बाबा, तिकडे फार गरम होतंय का?"

"नाही रे. रोजच्यासारखंच."

"खिडकी उघडी आहे ना?"

"थांब, बघतो." काका जागचे न हलता दोन श्वास थांबले. "अरे, लागलीये की. वाऱ्याने लागली वाटतं."

बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. पण इतक्या लांबून झाडं कोण बघतंय!

"उघडा जरा. आणि मागच्या बाजूला काही टेकलंय का तेही बघा. मी थांबतो."

यातला 'मी थांबतो' हा भाग काकांना हवा असायचा. आकडा सत्तरीत उतरेपर्यंत मुलगा फोन ठेवत नसे. त्यामुळे खिडकी उघडायला, खुर्ची ओढायला आणि उशी काढायला काका जेवढा वेळ लावत, तेवढा वेळ फोन चालू राही. उशीसुद्धा ते एकदम काढत नसत. आधी एक कोपरा मोकळा करत.

"जेवलास का?" कोपरा मोकळा करून त्यांनी विचारलं.

"हो. म्हणजे खातोय, काम करता करता."

"काम कसलं चाललंय?"

"तेच. एक इमारत आहे. अजून बांधायचीये, पण बांधल्यावर कशी दिसेल ते फिरवून दाखवायचंय."

"किती मजली?"

"चौदा."

"बापरे," काका म्हणाले आणि कपावरची बशी काढून एक घोट घेतला. पुढे काय विचारावं ते सुचेना. चौदा मजल्यांच्या इमारतीबद्दल माणूस विचारून विचारून काय विचारणार? "लिफ्ट असेल मग."

"असेल ना." मुलगा किंचित हसला. "किती झालाय आता?"

"एक्क्याऐंशी."

"उतरतोय. बरंय."

आकडा अठ्ठ्याहत्तरवर आला तसा मुलगा म्हणाला, चला बाबा, ठेवतो. काकांनी उरलेला चहा गार व्हायच्या आत संपवला आणि उशी झटकून पलंगावर होती तशी ठेवून दिली.

काका म्हणजे या इमारतीत सगळ्यांचेच काका. जन्मभर प्रवासी बस चालवली. डेपोत त्यांना सगळे 'सावकाश' म्हणत, कारण त्यांची गाडी वेळेवर पोचायची पण कधी घाईत दिसायची नाही. इंजिनाचा काटा तांबड्या रेघेकडे निघाला की भर चढावर, मागे चाळीस माणसं कुरकुरत असली तरी, ते गाडी बाजूला घेत, पुढचं झाकण उघडत आणि वाफ जाईपर्यंत स्वस्थ उभे राहत. "पोचायचं सगळ्यांनाच आहे, इंजिनालाही," असं त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. अशा बापाच्या पोटी असा मुलगा निघाला, की ज्याने कॉलेजात असताना सुटे भाग जुळवून संगणक उभा केला आणि तो चालू झाल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याला बनवणाऱ्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला सुरुवात केली. त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात, असं तो म्हणाला होता. काका म्हणाले होते, त्याला इंजिनाचे हाल म्हणतात.

त्यावर त्या दोघांचं महिनाभर छान भांडण चाललं. खरं तर तेवढंच एक भांडण त्यांच्यात कधी छान झालं. एरवी बोलायचं काम काकूंचं असे. मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात गेल्यावरही फोन यायचा तो काकूंना. त्या अर्धा तास बोलत, आणि शेवटी फोन काकांच्या कानाला लावत. काका म्हणत, "बरा आहेस ना? आईशी बोललास ना? मग झालं." एवढ्यावर काम भागायचं. मग काकू गेल्या, आणि अर्धा तास बोलायचा सगळा भार या तीन वाक्यांवर येऊन पडला. तो त्यांना पेलेना. आठवड्याचा फोन पंधरवड्यावर गेला, मग कधीतरीवर. मग नुसताच अंगठा येऊ लागला, पिवळा, वर केलेला. काकाही उलट अंगठा पाठवत. मुलावर त्यांचा राग नव्हता. ज्याच्याशी बोलायला काही नाही त्याला कोण कशाला फोन करील, हे त्यांना कळत होतं. कळत होतं म्हणून घर काही भरलेलं वाटत नव्हतं.

संगणक मात्र घरीच राहिला. मुलाची तिकडची खोली लहान, हा अवजड, नेणार कसा? म्हणून तो इथेच चालू असे, आणि मुलगा तिकडून इंटरनेटवरून त्याच्याकडून जड कामं करून घेई. काकांना त्याने एकदाच सगळं समजावलं होतं.

"साठ-सत्तर म्हणजे तो मजेत आहे, बाबा. त्याकडे बघायचंही नाही. ऐंशीपर्यंत चालतं. पंच्याऐंशीला मला इकडे घंटी वाजेल. त्याच्याही वर गेला तर तो आपणहून वेग कमी करतो, आणि शंभराच्या आसपास सरळ बंद पडतो. रोज रोज तसं होऊ लागलं तर मात्र लवकर म्हातारा होईल."

"सगळेच होतात," काका म्हणाले होते.

उशीची युक्ती त्यांना सुचली नव्हती. ती आपोआप समोर आली. एकदा धुतलेली चादर त्यांनी वाळत टाकायला म्हणून संगणकावरून पलंगाच्या दांडीपर्यंत ताणली, आणि थोड्या वेळाने फोन वाजला. अंगठा नव्हे, फोन. मुलाचा आवाज घाबरलेला होता. काकाही घाबरले, चादर ओढून काढली, आणि मग दोघं आकडा उतरायची वाट बघत बोलत राहिले. चादरीबद्दल बोलले. कपडे धुवायच्या साबणाबद्दल बोलले. आई कसा पदर खोचून चादरी पिळायची त्याबद्दलही बोलले. तेवढं बोलणं त्यांनी काकू गेल्यापासून केलं नव्हतं. फोन ठेवल्यावर काका ती ओली चादर मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिले. विजार भिजली, तेव्हा उठले.

त्यानंतर चादरीच्या जागी उशी आली. रोज नाही. हातचं राखून, आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळी. काका मुळात प्रामाणिक माणूस, त्यामुळे लबाडीही त्यांनी बेताबेतानेच केली.

पण मुलगा म्हणजे काही दूधखुळा नव्हता. एक दिवस तो म्हणाला, "बाबा, हे वारंवार व्हायला लागलंय. आत उष्णता वाहून न्यायला लावलेली पेस्ट वाळली असेल. मी एकीला पाठवतो. संगणक दुरुस्त करते, तिथेच जवळ दुकान आहे तिचं."

"कशाला? मी आहे ना बघायला."

"तुम्ही किती बघणार? दर वेळी तुम्हालाच त्रास."

त्रास! काकांनी फोनकडे नुसतं पाहिलं.

दुरुस्तीवाली आली ती पाठीवर पिशवी आणि दातांत केसांची पिन घेऊनच. तिशीची असेल. केस वर बांधून तिने विचारलं, "काका, पेशंट कुठाय?" आणि उत्तराची वाट न बघता आतल्या खोलीत गेली.

काका दारात उभे राहिले. चोराच्या मनात चांदणं, तसे त्यांचे डोळे सारखे पलंगावरच्या उशीकडे जात होते. ती त्यांनी मुद्दाम दुसऱ्या टोकाला ठेवली होती, त्यामुळे ती आणखीच नजरेत भरत होती.

तिने संगणकाची पाठ उजेडाकडे वळवली, जाळी सोडवली आणि चिमट्याने तिच्यातून काहीतरी ओढून काढलं. मग आणखी थोडं. बघता बघता तळहातावर पांढऱ्या कापसाचा गोळा जमला. तिने तो बोटांत मळून पाहिला. पलंगावरच्या उशीकडे पाहिलं. उशीची एका बाजूची शिवण उसवली होती.

"घरात मांजर आहे का, काका?"

"नाही."

"नातवंडं?"

"नाहीत."

"हं," ती म्हणाली आणि कापूस खिशात टाकला.

मग तिने आतला पंखा पुसला, वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली आणि सगळं पुन्हा जोडलं. काकांनी चहा केला. ती चहा पीत, मुलाशी फोनवर बोलत, संगणकावर काही बदल करत होती. मुलगा तिकडून सांगत होता आणि ही इकडे हो हो करत होती. काका स्वयंपाकघरात उगीचच एक धुतलेला पेला पुन्हा धुवत राहिले. आता ती सांगेल, असं त्यांना वाटत होतं. नळ बंद केला तेव्हा तिचं बोलणं ऐकू आलं, "नाही, धूळ होती. धूळच होती जास्त करून." त्यांचा जीव भांड्यात पडला.

तो फार वेळ तिथे राहिला नाही.

"झालं काका," ती बूट घालताना म्हणाली. "वेग मूळचा होता तेवढाच करून टाकलाय. त्यानेच सांगितलं. म्हणाला, काम थोडं हळू झालं तरी चालेल, बाबांच्या डोक्याला ताप नको. आता हा बासष्टच्या वर जायचा नाही." ती दारात थांबली. "उशी ठेवलीत तरी."

काकांचे कान तापले. ती मात्र हसली नाही. "चहा छान होता," एवढंच म्हणून जिना उतरून गेली.

ती खरं बोलली होती. काकांनी तीन-चार दिवस दम काढला, मग एका दुपारी खिडकी लावून उशी ठेवून पाहिली. आकडा बासष्टवरून सदुसष्टला गेला आणि तिथे बसला. काकांनी पलंगावरची जाड रजई आणली. एकाहत्तर. पंख्यांचा आवाजसुद्धा चढला नाही. कपातला चहा गार झाला, त्याच्यावर साय धरली, आणि फोन तिथेच टेबलावर मुकाट पडून राहिला.

मग त्यांची नजर कपाटावरच्या इस्त्रीकडे गेली. ती गरम करून शेजारी ठेवली तर? ते उठलेही. इस्त्री हातात घेतली, वायर सोडली, आणि संगणकाच्या काळ्या काचेत त्यांना स्वतःचं रूप दिसलं. डोक्यावरचे उरलेसुरले केस उभे, हातात इस्त्री, कमरेला रजईचं टोक. ज्याने कधी काटा तांबड्याला टेकू दिला नाही, तो 'सावकाश' मुलाच्या इंजिनाला इस्त्री लावायला निघाला होता. त्यांना स्वतःची लाज वाटली. इस्त्री वर ठेवली, रजई घडी केली, उशी जाळीवरून काढली. मग सुई-दोरा घेऊन उसवलेली शिवण घालायला बसले. सुईत दोरा ओवायला फार वेळ लागला. हे काम काकू करत.

त्या दिवसापासून त्यांनी उशीला हात लावला नाही. ती पलंगावर, मुलगा डोकं ठेवायचा त्याच बाजूला राहिली. खिडकी उघडी ठेवत. दिवसातून एकदा खोलीत जाऊन आकडा बघत. साठ, एकसष्ट, बासष्ट. तो मजेत होता. मुलाला कळवावं असं त्यात काही नव्हतं. एकदा त्यांनी स्वतःच फोन करायचं ठरवलं, यादीतून त्याचं नाव काढलं, आणि बोलायचं काय याचा विचार करता करता फोनचा पडदा काळा झाला. खरं म्हणजे मुलाने त्यांच्याच डोक्याचा ताप कमी करायला हे सगळं केलं होतं. आता तक्रार करायची तरी कशाची? मला त्रास होत नाही याची?

घर फार शांत झालं होतं. पंख्यांची जी थोडी घरघर असायची तीही दुरुस्तीवालीने पुसून नेली होती.

मग एका दुपारी काका खिडकीशी उभे राहून चहा पीत होते. दोन्ही तावदानं सताड उघडी होती, आणि आज खरोखरच वारा होता. पडदा हलत होता. अशात फोन वाजला.

मुलाचं नाव बघून त्यांनी तो घाईने उचलला. आजारी बिजारी तर नाही ना?

"काय रे? काय झालं?"

"काही नाही. तो गरम झालाय, बाबा. घंटी वाजली इकडे."

काका धावत म्हणावं तसे संगणकाच्या पडद्यापाशी गेले. कोपऱ्यात हिरवा आकडा होता, एकसष्ट.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एकसष्टच होता.

"किती दिसतोय तुम्हाला?" मुलाने विचारलं.

"एकसष्ट," काका म्हणाले.

पलीकडे कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज झाला, एकच भांडं. मुलगा बहुधा खोलीतच होता, एकटा.

"हो, साठच्या वर गेलाय," तो शेवटी म्हणाला. "साठला घंटी लावलीये मी आता. म्हटलं, आधीच कळलेलं बरं."

साठ-सत्तर म्हणजे तो मजेत आहे, बाबा, त्याकडे बघायचंही नाही. हे ज्याने सांगितलं होतं तोच हे बोलत होता. काकांनी हातातल्या चहाचा घोट घेतला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "काळजी घेतलेली बरी."

"माझी उशी कुठाय?"

काकांनी पलंगाकडे पाहिलं. "पलंगावर. शिवलीये मी."

"तिथेच राहू द्या." आणि मग, "खिडकी लागलीये का बघा ना. वाऱ्याने लागली असेल."

काकांनी खिडकीकडे पाहिलं. बाहेरचं अख्खं झाड हलत होतं आणि पडदा पार आत, पलंगापर्यंत उडत होता.

"हो रे. लागलीये," ते म्हणाले.

"उघडा मग. घाई नाही, मी थांबतो."

काकांनी कप टेबलावर ठेवला. फोन कानाला तसाच धरून ते खिडकीशी गेले, आवाज होणार नाही अशा बेताने आधी एक तावदान लावलं, मग दुसरं, आणि कडी घातली. मग फोन खिडकीजवळ धरला आणि कडी खडखडून उघडली.